थांबाकाकांची जागा

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे आणि मला या खोलीतून कुणीही बाहेर काढू शकत नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. सुताराने मला याच खोलीत जोडलं, मग दाराला चौकट बसली, आणि सगळं आटोपल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की टेबल दारापेक्षा रुंद झालंय. मध्यंतरी माझ्या जागी नवं, गुळगुळीत टेबल आणायची टूम निघाली होती. चार धट्टीकट्टी माणसं मला आडवं, उभं, तिरकं करून घामाघूम झाली. शेवटी आलेलं नवं टेबल आल्या पावली परत गेलं आणि मी होतो तिथेच राहिलो.

ही खोली म्हणजे एका छोट्या गावाच्या नगरपालिकेचं सभागृह. नाव भारदस्त असलं तरी खोली बेताचीच आहे. दोन खिडक्या, कुरकुरणारा एक पंखा, सभा ऐकायला येणाऱ्या गावकऱ्यांसाठी भिंतीलगत एक बाक, आणि मधोमध मी. माझ्याभोवती सात सदस्यांच्या सात खुर्च्या. मला चौकोनी करायचं ठरलं होतं, पण सुताराने माझी दोन्ही टोकं गोल केली. तेव्हाच्या अध्यक्षांनी जाब विचारला तर तो म्हणाला, "कोपऱ्यात बसलेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही, साहेब." पहिल्या दिवशी जो तो माझ्यावरून हात फिरवून वाहवा करत होता. ते कौतुक चहाचा पहिला कप येईपर्यंत टिकलं. पुढे माझ्या अंगावर कपांची वर्तुळं उमटली, एका कंटाळलेल्या सदस्याने पेनाच्या टोकाने होडी कोरली, आणि एक पाय आखूड पडला म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी आली. ती घडी अजून तिथेच आहे.

पण मला जे मिळालं ते कुठल्याही दिवाणखान्यातल्या टेबलाला मिळालं नसेल. इथे हात वर करून मत देतात. मत द्यायच्या आधी सगळ्यांचे हात माझ्यावर टेकलेले असतात, आणि ते उचलले जायच्या आत मला कळतं कोण काय करणार आहे. ठाम हात जड असतो. घाबरलेल्या हाताला घाम असतो. सात साधी माणसं, कुणाला सर्दी झालेली, कुणाचं घरी भांडण झालेलं, एकेक हात वर करतात, आणि खाली गावात कुठे नळाला पाणी येतं, कुठे अंधाऱ्या वळणावर दिवा लागतो. एवढी वर्षं हे पाहतो आहे, तरी दर वेळी थक्क होतो.

त्या सातांत एक म्हातारे शिंपी होते. गाव त्यांना थांबाकाका म्हणायचं. कुठलाही ठराव मताला आला की ते म्हणायचे, "जरा थांबा." मग प्रश्न सुरू. हे कुणासाठी? यानं कुणाची अडचण होणार? त्या माणसाला विचारलं का? सभा लांबायची, चहा निवायचा, बाकीच्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. निम्म्या वेळा काकांची शंका फोल निघायची, आणि ते "बरं, मग करा" म्हणून स्वतःच हात वर करायचे.

सगळ्यात जास्त वैताग यायचा तो अध्यक्षबाईंना. बाई दातांच्या डॉक्टर. त्यांच्यापुढे लोक तोंड उघडतात ते बोलण्यासाठी नव्हे, त्यामुळे उलटप्रश्नांची त्यांना सवय नव्हती. बाई कामाच्या मात्र खऱ्या. गावासाठी त्या जिवाचं रान करायच्या, आणि म्हणूनच कुणी वाटेत आडवं आलं की त्यांचा पारा चढायचा. काका आणि त्या समोरासमोर बसायचे. कितीतरी वर्षं दोघं माझ्यावरून भांडत राहिले.

मग एका हिवाळ्यात थांबाकाका गेले. त्यांची खुर्ची रिकामी झाली.

त्यानंतरची सभा मी विसरणार नाही. एकामागून एक ठराव आले आणि चुटकीसरशी झाले. सहा हात वर, सहा हात खाली. चहावाला किटली घेऊन वर येईपर्यंत सभा संपलेली होती. सगळे खुशीत होते. खोटं कशाला बोलू, मलाही हलकं वाटलं. त्यातच अध्यक्षबाईंचा एक ठराव होता. रुग्णालयामागच्या पाऊलवाटेवर लोक कचरा टाकतात, तेव्हा ती कुंपण घालून बंद करावी. तो बिनविरोध मंजूर झाला आणि कुंपण उभंही राहिलं.

पुढच्या सभेला भिंतीलगतच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाल्या ताई म्हणत. त्यांच्या भावाचा पाय मोडला होता आणि तो रुग्णालयात होता. बोलायची पाळी आली तशा त्या उठल्या आणि हातातला जेवणाचा डबा त्यांनी माझ्यावर ठेवला. डबा गार पडला होता. त्या म्हणाल्या की पाऊलवाटेने पाच मिनिटांत पोचता यायचं, आता अख्ख्या टेकडीला वळसा घालावा लागतो. एकट्या त्यांनाच नाही, खालच्या आळीतल्या ज्याचं ज्याचं माणूस तिथे पडून आहे त्या सगळ्यांना.

"मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "ठराव झाला तेव्हा कुणीच विचारलं नाही का, की या वाटेनं जातं कोण?"

शेवटी सदस्यांपैकी बेकरीवाले बोलले. हे फार भिडस्त गृहस्थ. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून सभेत 'हो'शिवाय दुसरं काही मी ऐकलं नव्हतं. ते खाली मान घालून म्हणाले, "मला वाटलं, कुणीतरी विचारेल."

मित्रांनो, प्रत्येकाला तसंच वाटलं होतं. विचारणं हे थांबाकाकांचं काम, अशी सगळ्यांना इतकी सवय झाली होती की काका गेल्यावर ते काम कुणाकडे आलं हे कुणाच्या मनातच आलं नाही. सगळ्यांची नजर रिकाम्या खुर्चीकडे गेली. मला फार वाईट वाटलं.

पण कुंपण काही हललं नाही. नियम असा की झालेला ठराव पुन्हा चर्चेला आणायचा तर एखाद्या सदस्यानेच तशी मागणी करायची. बाकावरचा माणूस बोलू शकतो, मागणी करू शकत नाही. सहापैकी कुणी तोंड उघडलं नाही, कारण ठराव अध्यक्षबाईंचा होता. बाई ताठ बसून होत्या. आपली चूक चारचौघांत मान्य करणं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांचे हात माझी कड घट्ट धरून होते, एवढं मला माहीत आहे.

आणि ती रिकामी जागा तर भरायची होतीच. सदस्य गेला तर उरलेल्यांनी गावातलं एक माणूस निवडायचं, अशी इथली पद्धत आहे. लॉजवाल्यांनी आधीच इच्छा सांगितली होती. अतिशय गोड माणूस, सगळ्यांशी चांगले संबंध. जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. शेवटच्या दिवशी चष्मेवाल्या ताईंनीही आपलं नाव दिलं आणि अध्यक्षबाईंची झोप उडाली.

निवडीच्या दिवशी बाक गच्च भरला होता, लोक दारापर्यंत उभे होते. आधी लॉजवाले बोलले. आपण सगळ्यांना धरून चालू, कुणालाही त्रास देणार नाही, असं त्यांनी हसतमुखाने सांगितलं. ते खरंही होतं. माझ्यावरचे बरेच हात सैलावले.

मग ताई उभ्या राहिल्या. अध्यक्षबाईंनी त्यांना सरळच विचारलं, "तुम्ही इथं बसलात तर माझ्या विरोधात बोलाल?"

"बोलेन," ताई म्हणाल्या. "रोज नाही, पण बोलेन. कधी कधी चुकेनसुद्धा. तेव्हा मला गप्प करा. फक्त उत्तर देऊन गप्प करा."

कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

मतदान सुरू झालं. पहिलं नाव लॉजवाल्यांचं. तीन हात वर गेले, त्यांत एक बेकरीवाल्यांचा. मग ताईंचं नाव पुकारलं. दोन हात वर गेले. अध्यक्षबाईंचे दोन्ही हात अजून माझ्यावरच होते. त्यांनी काहीच केलं नसतं तरी भागलं असतं. लॉजवाले एका मताने निवडून आले असते, कुंपण जागेवर राहिलं असतं आणि बाईंना कुणी एका शब्दाने बोललं नसतं. त्यांचे तळवे बर्फासारखे गार होते. एवढा वेळ एखादा हात माझ्यावर नुसता पडून राहिलेला मी कधी अनुभवला नव्हता.

मग त्यांचा उजवा हात माझ्यावरून उठला.

तीन आणि तीन. समसमान मतं पडली की अध्यक्षांनी आणखी एक मत द्यायचं, तेच निर्णायक. म्हणजे जे एकदा करणं इतकं जड गेलं, ते त्या बाईला पुन्हा करावं लागणार होतं. त्यांनी हात खाली घेतला, क्षणभर माझ्यावर ठेवला आणि परत वर केला. "मला प्रश्न विचारणारं माणूस हवंय," त्या म्हणाल्या. "मला ते आवडणार नाही, पण हवंय."

मी लाकूड आहे. झाड होतो तेव्हा मी वादळं पाहिली, शेजारची झाडं मुळासकट उन्मळून पडताना पाहिली. पण आपल्या हाताने आपल्याला अडवणारं माणूस समोर आणून बसवणाऱ्या त्या बाईएवढं थोर काही मी पाहिलेलं नाही. माझी छाती भरून आली. टेबलाला छाती नसते हे मला ठाऊक आहे, तरी आली.

पुढच्या सभेत ताईंनी कुंपणाचा विषय काढला आणि दोघींची चांगलीच जुंपली. वाटेवर कचरा नसतोच, असं ताई ठासून म्हणत होत्या. सगळे जाऊन पाहून आले, तर कचऱ्याचा हा एवढा ढीग. ताईंना ते कबूल करावं लागलं. वाटेने येणारीजाणारी माणसंही तितकीच खरी होती, ते अध्यक्षबाईंनी कबूल केलं. अखेर कुंपणाला एक फाटक झालं, शेजारी कचऱ्याची पेटी आली, आणि डबे पुन्हा गरम पोचू लागले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. काही दिवसांनी बाजारातला दिव्याचा खांब हलवायचा ठराव आला. ताई पेन खाली ठेवून बोलायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात माझ्या गोल टोकाशी कुणीतरी घसा खाकरला. बेकरीवाल्यांच्या हाताला इतका घाम सुटला होता की माझ्यावर ओला ठसा उमटला.

"मी काय म्हणतो," ते अडखळत म्हणाले, "तो खांब हलवला तर तिथं भाजी घेऊन बसणाऱ्या आजींना अंधार होईल का? आपण त्यांना विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. ताईंनी पेन पुन्हा उचललं. अध्यक्षबाईंनी ठराव बाजूला ठेवला. बेकरीवाले घाम पुसत बसून राहिले, आणि मला वाटलं, थांबाकाकांची जागा भरली ती आज.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. मला पुसा, पॉलिश करा, असं मी म्हणणार नाही. कपांच्या वर्तुळांची मला आता सवय झाली आहे. पण तुम्हीही कधी ना कधी एखाद्या टेबलाभोवती बसाल, घरात, वर्गात किंवा अशाच एखाद्या खोलीत. तिथे प्रश्न विचारणारं माणूस एकच असेल, तर ते असतानाच त्याच्या शेजारी बसून एखादा प्रश्न तुम्हीही विचारायला लागा.