पडू दे त्यांना

ऑफिसात त्यांना सगळे कात्रीबाई म्हणायचे, अर्थात माघारी. कोणी गलेलठ्ठ ऑनलाइन कोर्स बनवून त्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेला, की बाहेर येताना तो कोर्स निम्मा झालेला असायचा आणि नेणाऱ्याचं तोंड एवढंसं.

आपली ताई (घरात ती ताई, म्हणून आपणही ताईच म्हणू) शाळेतली नोकरी सोडून तिथे कोर्स तयार करायला लागली. शिकवणं म्हणजे माहीत असेल ते सगळं सांगून टाकणं, असा तिचा पक्का समज. पहिलंच मोठं काम आलं: हॉस्पिटलमधून घरी आलेल्या पेशंटला घरच्यांनी कसं सांभाळायचं. पठ्ठीनं थेट व्हीलचेअरचा शोध कोणी लावला इथपासून सुरुवात केली!

"हे वाचून माणूस हातानं काय वेगळं करणार?" कात्रीबाईंचा ठरलेला प्रश्न. ताई काही सांगेपर्यंत तो स्क्रीन उडालेला असायचा.

खरी खडाजंगी झाली ती आजोबांवरून. कोर्समधल्या पेशंटचं, म्हणजे या आजोबांचं, चित्र ताईनं हौसेनं आपल्या बाबांवरून काढून घेतलं होतं. तोच चौकड्यांचा शर्ट, तीच पुढे आलेली हनुवटी. शिकणाऱ्यानं खुर्चीचा ब्रेक न लावता आजोबांना उठवलं, तर समोर लाल फुली यायची आणि 'पुन्हा प्रयत्न करा' असं लिहिलेलं.

"फुली काढ," बाई म्हणाल्या. "खुर्ची मागे सरकू दे. पडू दे त्यांना."

"अहो बाई, बघणाऱ्याला कसंतरी होईल!"

"व्हायलाच हवं. फुली कोणाच्या लक्षात राहते गं?"

ताईनं केलं तसं, पण बाईंच्या नावानं बोटं मोडत. चित्रातले का होईना, बाबा धाडकन पडताना बघून तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी खरे बाबा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, आता पुन्हा पडले तर उभं राहणं कठीण आहे. बाबा राहायचे धाकट्या भावाकडे, आणि भाऊ म्हणजे एक नंबरचा धांदरट. गॅसवर दूध ठेवून साखर आणायला जाणारा. ताईनं दम देऊन त्याला आपला कोर्स पुरा करायला लावला.

बाबांना घरी आणलं त्या दुपारी ताई लगबगीनं पुढे झाली. खुर्ची पलंगाला लावली, बाबांच्या काखेत हात घातला. "चला बाबा, उठा."

"थांब!" भाऊ एवढ्यानं ओरडला की बाबा दचकून गादीवर टेकले. त्यानं वाकून दोन्ही चाकांचे ब्रेक लावले, गुडघ्यानं खुर्ची ढकलून पाहिली. "हं, आता."

कोर्स तिचा, आणि ब्रेक लावायचा तीच विसरलेली!

"तुझ्या बरं लक्षात राहिलं रे?"

"राहणार नाही तर काय! तुझ्या कोर्समध्ये मी बाबांना तीनदा पाडलंय. तिसऱ्यांदा तर मोबाईल पालथा घालून बाहेर फेऱ्या मारत बसलो होतो."

"मला पाडलंस?" बाबा म्हणाले. "आणि बोलला नाहीस ते!"

हसता हसता ताईला रडू फुटलं. त्या क्षणी कात्रीबाई समोर असत्या, तर तिनं त्यांचे पायच धरले असते.

बाबा काठी टेकत चालायला लागले आणि त्यांनी हट्टच धरला: त्या बाईंना भेटायचंय. ताई त्यांना ऑफिसात घेऊन गेली. अंगात नेमका तोच चौकड्यांचा शर्ट. कोणासाठी खुर्ची न सोडणाऱ्या कात्रीबाई त्यांना दारात बघून उभ्याच राहिल्या.

"अगं बाई, हे तर आपले आजोबा! चालतायत की!"

"मला पाडणाऱ्या त्या तुम्हीच ना?" बाबा म्हणाले. "फार उपकार झाले हो बाई."

बाईंचे डोळे भरून आले. पण हात जोडायला बाबांनी काठी सोडली मात्र, तशा त्या केवढ्यांदा तरी खेकसल्या, "आधी काठी धरा!"