पाडलेल्या पुलाबद्दल अभिनंदन

...आणि बशीत, गुलाबी साखरेच्या थराच्या केकशेजारी, किल्ल्या अडकवायची कडी, कडीला पारदर्शक ठोकळा, ठोकळ्यात सुपारीएवढा करडा खडा – एका अंगाने खडबडीत, दुसऱ्या अंगाने गुळगुळीत. तो गुळगुळीतपणा रिन्स्केने लगेच ओळखला. पुलाच्या गर्डरची, त्या काँक्रीटच्या लांब तुळईची, खालची बाजू अशी असते, पोलादी साच्याला चिकटून घट्ट झालेली. म्हणजे एक गर्डर फोडलाच. मला न सांगता फोडला.

"प्रत्येकाने एकेक घ्या," सीत्से सांगत होता, "आपल्या जुन्या उड्डाणपुलाचा तुकडा. काही म्हणजे काही वाया घालवायचं नाही!"

सीत्से तिच्या बहिणीचा नवरा, प्रांताच्या रस्ते खात्याचा प्रमुख, आणि आज त्याचा वाढदिवस. म्हणून घरातल्या यच्चयावत खुर्च्या बैठकीच्या खोलीत गोल मांडलेल्या, आणि त्या गोलात नातेवाईक गुडघ्याला गुडघा लावून, मांडीवरची बशी सांभाळत, संध्याकाळपर्यंत आनंदी राहणार होते. रीतच तशी. आल्या आल्या पूर्ण गोल फिरायचं, प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, आणि अभिनंदन एकट्या वाढदिवसवाल्याचं नाही करायचं – बायकोचं नवऱ्याबद्दल, मेहुणीचं मेहुण्याबद्दल, शेजाऱ्याचं शेजाऱ्याबद्दल. निम्म्या खोलीने रिन्स्केचं सीत्सेबद्दल अभिनंदन केलं होतं आणि तिने आभारही मानले होते, जसा काही हा माणूस तिनेच घडवून आणला होता.

शेजारच्या खुर्चीवरून हिल्येमावशीने तिचा हात पकडला. "अभिनंदन हो, मेहुण्याबद्दल! आणि पुलाबद्दलही. तुझाच ना गं तो?"

पुलाबद्दल अभिनंदन... प्रेताला खांदा देणाऱ्याला कुणी असं म्हणतं का? पण मावशीच्या चेहऱ्यावर निव्वळ माया होती, आणि मायेवर रागावता येत नाही, म्हणून रिन्स्के म्हणाली, "आभारी आहे, मावशी."

माझाच. बांधला नव्हता मी, तपासला होता. अख्खा हिवाळा त्या पुलाखाली – वरून ट्रक, खालून ग्रोनिंगनची रेल्वेगाडी, मधे तपासणीच्या टांगत्या पाळण्यात उभी मी, नाक वाहतंय, हातात हातोडी – ठोकायचं, ऐकायचं, पुढे सरकायचं. काँक्रीट आतून कुजलं असेल तर थबथब वाजतं. हे गर्डर खणखणत होते, एकूण एक. पूल म्हातारा झालाच नव्हता. खाली रुळांची आणखी एक जोडी टाकायची होती आणि हा आखूड पडत होता, एवढाच त्याचा गुन्हा. मग गर्डर अलगद उतरवले – अलगद, त्यासाठी मी कितीजणांशी भांडले – आणि गवतावर ओळीने ठेवले. त्यांना जागाही मीच शोधली, पलीकडच्या कालव्यावरच्या नव्या पुलात, लांबीला नेमकी. फक्त तिथलं काम दीड वर्षाने सुरू होणार. दीड वर्ष गवतावर पडायचं, बस. त्यांना ना खायला लागतं ना प्यायला.

पण प्रांताने जाहीर केलं होतं की यंदा शंभर टक्के पुनर्वापर, चक्राकार अर्थव्यवस्था, रस्ते आणि रेल्वे दोन्हींत. आणि खात्याच्या नियमात पडून असलेला गर्डर म्हणजे कचरा. तोच क्रशरमध्ये घालून चुरा केला आणि रस्त्याखाली पसरला की त्याच दिवशी पुनर्वापर! म्हणजे चांगल्या घडीव कपाटाचा भुसा करायचा, तो कोंबड्यांच्या खुराड्यात पसरायचा, आणि कपाट वाचवलं म्हणून पेढे... पेढे नाहीत, केक. केक वाटायचा. एकेकच तुकडा, कारण इकडच्या रीतीप्रमाणे एक फेरी होताच झाकण परत डब्यावर बसलं होतं.

"सीत्से," ती म्हणाली, "उरलेले गर्डर कधी फोडताय?"

"आज नको गं, रिन्स्के," तिची बहीण बाउक्ये कॉफीची किटली घेऊन थबकत म्हणाली.

"सोमवारी," सीत्से म्हणाला. "रागावलीस?"

"छे. अभिनंदन करतेय. शंभर वर्षं टिकणारी वस्तू एका दुपारी संपवलीत, सोपं नाहीये ते. पुढच्या वर्षी रूळ वितळवून त्यांचे चमचे करा. इथे वाटायला होतील."

कुणीतरी हसलं आणि लगेच केककडे बघू लागलं. सीत्सेही हसला. तो दुष्ट नव्हता, तेच तर चीड आणणारं होतं. त्याने चीजच्या तुकड्यांची ताटली उजवीकडे सरकवली आणि गोलाच्या पलीकडून, सगळ्यांच्या देखत, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "नियम बदलता येतो मला. तेवढं चालतं माझं. पण कालव्यावरच्या पुलासाठी जुन्या गर्डरची हमी द्यायला एकही इंजिनिअर तयार नाही. सगळे म्हणतात, माल उत्तम आहे, सही दुसऱ्याची घ्या. तूही इंजिनिअरच आहेस, तू कर ना सही. पुढची पन्नास वर्षं काही झालं तर जबाबदारी माझी, असं लिहून दे. क्रशर परत पाठवतो."

"देते की," असं म्हणायला रिन्स्केने तोंड उघडलं...

खणखणत होते, एकूण एक. जिथे हात पोचला तिथे. टोकाला, पुलाच्या आधारभिंतीत घुसलेल्या भागापाशी, पाळणा जात नव्हता. आणि काँक्रीट आवळून धरणाऱ्या आतल्या ताणलेल्या तारा हातोडीला ऐकू येत नाहीत. अहवालात मी काय लिहिलं होतं? 'तपासलेल्या भागापुरते सुस्थितीत.' असंच लिहितात सगळे, त्यात काय... पन्नास वर्षं. मी नसेन, माझं नाव असेल. वरून सकाळी शाळेची सायकलवाली पोरं... पण खोटं कुठे आहे त्यात? चांगलेच आहेत ते. चांगलेच आहेत – मग जीभ का उचलत नाही?

सीत्से वाट बघत होता, चिडवत नव्हता; खरंच, आशेने बघत होता. तिला वाटलं, कुणीतरी आता मधे बोलावं, मावशीने गुडघेदुखीचं काढावं, बाउक्येने कॉफी विचारावी. पण ती सगळी शहाणी माणसं चीजला मोहरीची चटणी लावत होती. राग होता, अजून तितकाच होता. फक्त तो कुणावर आहे हे कुणी विचारू नये, असं तिला आज पहिल्यांदा वाटलं.