नवव्या प्रकरणातलं भांडण

संपादकबाईंनी कादंबरी परत केली तेव्हा नवव्या प्रकरणाला पेन्सिलीची उभी रेघ मारलेली होती. त्या प्रकरणात नायिकेला परगावी नोकरी मिळते आणि नायक स्टेशनवर धावत जाऊन तिचं तिकीट फाडतो.

"इथे वाचक टाळ्या वाजवतील," कादंबरीकार म्हणाला.

"वाजवतील. पण तिला जायचं होतं ना? ते त्याने विचारलंच नाही."

तो तोंड पाडून घरी आला. त्याची बायको एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. ती ओटा पुसत होती. त्याने सगळं सांगितलं. एरवी ती हसली असती, आज हसली नाही. फडकं पिळत म्हणाली, "मलाही सांगायचंय. मोठ्या हॉस्पिटलात वर्षभराचं प्रशिक्षण मिळतंय. परगावी. कळून आठवडा झाला."

"आणि आज सांगतेस?"

"तुझा चेहरा असा होणार, म्हणून."

त्याचं डोकं फिरलं. "जा की मग. मला विचारतंय कोण."

तीही चिडली. आवाज चढले. शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. शेवटी ती बाल्कनीत जाऊन बसली.

थोड्या वेळाने तो दारात आला. "बसू का?"

तिने पाय आवरून जागा केली.

"चुकीचं बोललो मी. खरं म्हणजे भीती वाटते. तुला तिकडेच करमलं तर?"

"आणि तुला माझ्यावाचून करमायला लागलं तर? मलाही वाटते."

"तुला जायचंय?"

"हो."

"मग जा. मी दर रविवारी येईन."

"दर रविवारी नको. एखाद्या रविवारी मला नुसतं झोपायचं असेल."

त्याला ते लागलं, आणि हसूही आलं.

ती गेली. त्याने नववं प्रकरण नव्याने लिहिलं आणि बाईंच्या आधी तिला पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"किती समजूतदार केलीस रे हिला. ही ओरडतच नाही. मी तर तुला स्वार्थी म्हटलं होतं."

"ते लिहू? चालेल तुला?"

"लिही. पण मी नंतर माफी मागितली, तेही लिही."

"कधी मागितलीस?"

"मग आता मागते," ती म्हणाली. "तसं म्हणायला नको होतं. आणि आठवडाभर लपवायलाही नको होतं."

त्याने खुर्ची ओढली. "बरं, तू नेमकं काय म्हणालीस ते पहिल्यापासून सांग."

दोघं ते भांडण आठवत बसले. दोघांनाही ते वेगवेगळं आठवत होतं. त्याने दोन्ही लिहून घेतलं, आणि बाईंनी ते प्रकरण तसंच ठेवलं.