जॉर्जची बायको

सुभद्राबाईनं पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं आणि निकाल देऊन टाकला.

"ही त्याची थोरली भैन."

चित्रात एक गोरा माणूस खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता आणि दारात एक बाई कपबशी घेऊन उभी होती. खाली छापलं होतं, 'जॉर्ज, युवर टी इज रेडी.' म्हणजे, जॉर्ज, तुझा चहा तयार आहे, असं इंदुताईंनी नुकतंच सांगितलं होतं. आता मिशीवाल्या बाप्याला तोंडावर नावानं हाक मारायची, तर ती आई मारील नाहीतर थोरली बहीण. आईच्या मानानं ही बाई फारच कोवळी होती. मग यात विचारायचं काय राहिलं?

"म्हायेरपनाला आली असंल," अंबूबाई म्हणाली. "पर मग चा तिनं का करावा? भावजय कुठं गेली?"

"अहो, ती हेलन," इंदुताई म्हणाल्या. "जॉर्जची बायको."

इंदुताईंच्या व्हरांड्यात जमलेल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. अंबूबाईनं तर पदर कपाळावर ओढून घेतला. जॉर्जच समोर येऊन बसला असता तरी तिनं याहून जास्त ओढला नसता.

"ताई, तुमी सायबास्नी काय म्हनता?" सुभद्राबाईनं विचारलं.

"मी? मी अहो म्हणते," इंदुताई म्हणाल्या आणि उगाचच चष्मा पुसू लागल्या. "पण ते वेगळं."

पुण्यात मॅट्रिक झालेल्या बाई, हाच धडा शाळेत घडाघडा म्हणून दाखवून बक्षीस मिळवलेल्या; पण हेलन नवऱ्याला नावानं हाक मारते, हे त्यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

इंदुताईंचे यजमान पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात साहेब होते. बाटल्या भरायला आणि बांधायला तिथं बायका घेणार होते. बाटल्यांवरची अक्षरं इंग्रजी, तेव्हा जुजबी इंग्रजी येणारी बाई बरी, असं वरच्या साहेबांचं मत पडलं. ते तीनच गोष्टी विचारणार होते: नाव, गाव आणि नवऱ्याचं नाव. शेजारपाजारच्या बायकांची तयारी इंदुताईंनी हौसेनं अंगावर घेतली. पहिली दोन उत्तरं सगळ्यांची पाठ झाली. तिसऱ्याला मात्र 'माय हजबंड्स नेम इज' इथपर्यंत गाडी यायची आणि अडायची. बाकीच्या हसत, लाजत, तोंडावर पदर घेऊन कसंबसं उरकायच्या.

सुभद्राबाईला हसू येत नव्हतं. तिचा नवरा ज्योतीराम देहूरोडच्या डेपोत पेट्या उचलायचा. दिवाळीपासून त्याला छातीच्या दुखण्यानं धरलं आणि काम सुटलं. ही नोकरी मिळाली नाही तर बिऱ्हाड मोडून बीडकडच्या गावी जायचं, आणि तिथं डॉक्टर औषधालाही नव्हता. पण बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे ती परकरात असल्यापासून ऐकत आली होती. धडधाकट माणसाचं थोडं कमी झालं तर एक वेळ चालून जाईल. ज्योतीरामजवळ मुळात शिल्लक किती होतं? तिला भीती वाटत होती, सरळ सरळ भीती.

"घे की नाव," तो म्हणाला होता. "नावानं कुनी मरतंय व्हय?" आणि एवढं बोलून तो बराच वेळ खोकत बसला. मग तर तिनं नाव न घेण्याचं पक्कंच केलं.

बाकीच्या बायका उठल्या तरी सुभद्राबाई उठली नाही.

"ताई, पुस्तक संपंस्तवर जॉर्ज ऱ्हातो का?"

"राहतो म्हणजे?"

"जिता ऱ्हातो का? ती येवढी नाव घेती त्याचं."

इंदुताई हसणार होत्या, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी शेवटचा धडा उघडला. समुद्राचा किनारा होता. हेलन होती, दोन मुलं वाळूचं घर करत होती. जॉर्ज नव्हता. त्यांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा मागं आणलं.

"कामावर गेला असेल," त्या म्हणाल्या.

"तसं लिवलंय?"

"नाही गं. लिहिलेलं नाही."

मुलाखतीच्या दिवशी कारखान्याच्या वाटेवर सुभद्राबाई मागं मागं रेंगाळत होती. अंबूबाई मात्र विचार करत चालली होती. तिचा नवरा भैरू दिघीकडच्या खाणीत दगड फोडायचा. त्याला कधी पडसंही होत नसे.

"तुज्या मालकाचं नाव मी घेतलं तर काई व्हतं का?" तिनं विचारलं.

"तू घेतल्यानं काय व्हनार?"

"आन माज्या मालकाचं तू घेतलं तर?"

सुभद्राबाई चालायची थांबली.

आत वरच्या साहेबांनी मान वर न करताच विचारलं. 'माय हजबंड्स नेम इज भैरू,' असं ती न अडखळता म्हणाली, तेव्हा साहेबांनी मान वर करून 'गुड' म्हटलं. मागून अंबूबाईनं तितक्याच ठसक्यात ज्योतीरामचं नाव सांगितलं. दोघींनाही कामावर घेतलं. बाहेर आल्यावर दोघी पोट धरून हसल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की नावं आता तशीच कागदावर चढली. दुरुस्ती करायला जावं तर खरं नाव घ्यावं लागणार, शिवाय खोटं बोलल्याबद्दल नोकरी जाणार ती वेगळीच.

"घेतलंस न्हवं नाव?" घरी ज्योतीरामनं विचारलं.

"घेतलं," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. पहिल्या दिवशी मी पोचवायला येणार, असा त्यानं हट्टच धरला. नको म्हणायला तिला कारण सुचेना.

फाटकाशी पहारेकरी एकेकीचं नाव पुकारत होता.

"अंबूबाई ज्योतीराम."

ज्योतीरामनं इकडं तिकडं पाहिलं. आपल्या नावाचा आणखी कोण आलाय, असं त्याला वाटलं असावं.

"सुभद्राबाई भैरू."

सुभद्राबाई पुढं झाली. ज्योतीराम तिच्याकडं बघत राहिला, मग अंबूबाईकडं. ती कारखान्याची चिमणी न्याहाळत होती. त्याला काही उमगेना. सुभद्राबाईनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिच्याकडं पाहता पाहता त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"बाहेरच्या माणसानं इथं उभं राहायचं नाही," पहारेकरी म्हणाला. "तुम्ही कोण?"

ज्योतीरामला खोकला येत होता. तो त्यानं दाबून धरला.

"मी भैरू," तो म्हणाला. "हिचा मालक."

पहारेकऱ्यानं बाजूला होऊन तिला आत सोडलं.