इनायतचे डोळे तपासणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, पण आत दागिने असतील म्हणून कान टवकारू नका. माझ्या पोटात लोकरीच्या लड्या आहेत, शंभरावर. लाल, गुलाबी, हिरव्या, निळ्या, राखाडी, खाकी. कुणी स्वेटर विणावा म्हणून त्या भरलेल्या नव्हत्या. इंजिन चालवणाऱ्या माणसाला रंग ओळखता येतात की नाही, हे पाहण्यासाठी मला विलायतेत बनवलं.

काम सोपं होतं. डॉक्टरने एक लडी टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, हिच्यासारख्या काढ. ज्याला तांबडा आणि हिरवा वेगळा दिसत नाही, तो हिरवीच्या जोडीला खुशाल खाकी काढून ठेवतो. अशाला इंजिनावर चढू द्यायचं नाही. माझ्या झाकणाच्या आत एक सूचना चिकटवली होती: परीक्षा दिवसाच्या स्वच्छ उजेडातच घ्यावी. त्या सूचनेचा मला मोठा तोरा होता. लोणावळ्याच्या रेल्वे दवाखान्यात आले, तेव्हा वाटलं, इथे आपला मान राहील.

राहिला, पण सकाळपुरता. दवाखान्याचा रिवाज असा होता की गोऱ्या ड्रायव्हरांची तपासणी आधी, पुढच्या खोलीत, खिडकीशी, खुर्चीवर बसवून. मग अँग्लो-इंडियन लोकांची. देशी माणसांनी मागच्या पडवीत उकिडवं बसायचं आणि सगळ्यांच्या शेवटी आत यायचं. तेही आत नाहीच, पडवीतच. पावसाळ्यात लोणावळ्याला चार वाजताच दिवस मावळल्यासारखा होतो. पडवीत रॉकेलचा कंदील लावत. त्या पिवळ्या उजेडात माझी फिकी निळी आणि फिकी हिरवी लडी जुळ्या बहिणी होऊन बसत. देशी माणसाला नापास करा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याची पाळी शेवटी होती, एवढंच. तेवढं पुरत असे.

ब्रॅडीसाहेब नावाचा एक गोरा ड्रायव्हर होता. एका लख्ख सकाळी त्याने हिरवीच्या जोडीला खाकी काढली, मग राखाडी काढली. दवाखान्याचा डॉक्टर हसला, बोटाने खरी लडी पुढे सरकवली, आणि दोघे चहा प्यायला गेले. ब्रॅडी पास झाला. मला फार वाईट वाटलं, पण पेटीला कोण विचारतो?

त्याच ब्रॅडीच्या इंजिनावर इनायत फायरमन होता. हा वडिवळे गावचा. सहा वर्षं घाटात कोळसा मारून त्याचे हात काळे कुळकुळीत झाले होते. घाटातल्या धुक्यात सिग्नलचा वर-खाली होणारा हात दिसत नाही, नुसता दिवा दिसतो. तेव्हा इनायत बाहेर डोकावून ओरडून सांगायचा, तांबडा, साहेब. हिरवा, साहेब. ब्रॅडी त्याच्या सांगण्यावर गाडी हाकायचा. लोकोशेडमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी उच्चारत नव्हतं.

इनायतला ड्रायव्हर व्हायचं होतं. देशी माणसाला निदान मालगाडी मिळेल, अशी तेव्हा बोलवा होती. भर पावसाळ्यात त्याची तपासणी ठरली, त्या दिवशी तो सकाळी आठपासून पडवीत बसला. दुपारी त्याची बायको खतीजा भाकरी घेऊन आली. ती लोकांच्या वाकळा शिवायची. चार वाजता कंदील लावताना पाहून ती नवऱ्याला म्हणाली, "दिव्याखाली रंग बघायचा न्हाई. सांज झाली की मीबी सुई खाली ठिवते. सायबाला म्हणा, उद्या उजेडात घ्या."

कंपाउंडर अंबाजी शेजारीच उभा होता. त्याला इंग्रजी येत होतं. माझ्या झाकणातली सूचना त्याने शंभरदा वाचली होती. तो कंदिलाची वात वर करत राहिला.

इनायतची पाळी आली तेव्हा साडेपाच वाजले होते. त्याने लड्या हातात घेतल्या, डोळ्यांजवळ नेल्या आणि खाली ठेवल्या. "सायेब, या दिव्यात निळा-हिरवा येकच दिसतो. सकाळच्याला घ्या, समद्या काढून दावतो," तो म्हणाला.

डॉक्टरने मान वर न करता लिहिलं: उमेदवार स्वतःच कबूल करतो की त्याला निळा व हिरवा रंग ओळखता येत नाही.

ज्याला रंग दिसत नाहीत तो फायरमन म्हणून तरी कसा चालेल? इनायतला इंजिनावरून उतरवलं आणि राखेच्या खड्ड्यात घातलं. इंजिनांतून पडलेली गरम राख उपसायची. सहा महिने तो ती उपसत होता. ब्रॅडी रोज त्या खड्ड्यावर इंजिन आणून उभं करी आणि दुसरीकडे बघे.

अंबाजीला हे सलत असावं. त्याने लपूनछपून इनायतचा अर्ज लिहून मुंबईला धाडला. हिवाळ्यात तिथून मोठा डॉक्टर आला आणि म्हणाला, घेऊ पुन्हा परीक्षा, उजेडात. मित्रांनो, त्या सकाळी मी किती आनंदात होते म्हणून सांगू!

पहिल्यांदाच एक देशी माणूस पुढच्या खोलीत आला. खुर्ची कुणी दिली नाही. इनायतने हात दोनदा धुतले, सदऱ्याला पुसले आणि लड्या काढू लागला. हिरवीला हिरव्या, गुलाबीला गुलाबी, तांबडीला तांबड्या. एकही चुकली नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतक्या हळुवारपणे कुणी हाताळलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरने विचारलं, मग पावसाळ्यात का दिसलं नाही?

कंदील, एवढा एक शब्द पुरे होता. पण दवाखान्याचा डॉक्टर समोरच उभा होता, आणि वरच्या साहेबासमोर त्याची चूक काढणं इनायतला बेअदबी वाटली. त्याने दुसरा पुरावा द्यायचं ठरवलं. चांगली नोकरी केल्याचा पुरावा द्यावा, तशा सरळ मनाने तो म्हणाला, "ब्रॅडीसायबाला इचारा. सा वर्सं त्येंना सिग्नल म्याच सांगत व्हतो. त्येंना तांबडा-हिरवा उमगत न्हाई."

अंबाजीने हे इंग्रजीत सांगितलं.

ब्रॅडीला शेडमधून बोलावलं. त्याला खुर्ची मिळाली. तो म्हणाला की आपल्याला कधी कुणा देशी माणसाच्या डोळ्यांची गरज पडली नाही. मोठ्या डॉक्टरने तेव्हा माझ्यातली एक हिरवी लडी त्याच्यापुढे ठेवली असती, तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. मी वाट पाहत होते. पण मोठ्या डॉक्टरने माझं झाकण लावून टाकलं.

कागदावर असं लिहिलं गेलं: तेव्हा नापास झालेला माणूस आता सगळ्या लड्या बिनचूक काढतो, म्हणजे त्याने दवाखान्यातल्या कुणाकडून तरी त्या पाठ करून घेतल्या. शिवाय तो युरोपियन ड्रायव्हरची बदनामी करतो. लबाड. नोकरीवरून कमी करावे. राखेचा खड्डासुद्धा राहिला नाही.

रेल्वेच्या चाळीतली खोली दोन दिवसांत रिकामी करायची होती. निघताना खतीजा दवाखान्याच्या पायरीशी आली. बाईमाणसाला वर यायची मुभा नव्हती, म्हणून खालूनच तिने अंबाजीला हाक मारली. "अंबाजीभाऊ, ह्यांचं डोळं बरं हायत का वाईट, तेवढं तरी सांगा."

"बरे आहेत, वहिनी," अंबाजी म्हणाला. "म्हणून तर."

दोघं वडिवळ्याला परत गेली. दुसऱ्यांच्या भातखाचरांत मजुरी करू लागली, असं अंबाजीच्या बोलण्यात एकदा आलं. नंतर काहीच कळलं नाही. ब्रॅडीने आणखी दहा वर्षं इंजिन चालवलं. प्रत्येक वेळी त्याच्या नावापुढे लिहिलं जाई, लोकरीच्या लड्यांनी तपासले, दृष्टी उत्तम. माझ्या नावाने ते लिहिलं जाई आणि मी लाजेने मरत असे.

आता माझ्या लड्यांना कसर लागली आहे. मला झटका, उन्हात ठेवा, असं सांगायला मी आले नाही. तुम्ही उद्या खुर्चीवर बसाल आणि समोर कुणीतरी उभा राहील. तो खरं सांगेल आणि ते तुमच्याच एखाद्या माणसाच्या अंगाशी येईल. तरीही त्याचं ऐका, बाळांनो. त्या सकाळी त्या खोलीत मला तोंड नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं.