खांद्याला लागलेला हात

नूतनचं वर्ष दोन खेळांत वाटलेलं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत कबड्डी आणि होळीनंतर खो-खो. दोन्ही खेळांचे संघ वेगळे, मालक वेगळे, मानधनही वेगळं. तिच्या गावी, वारासिवनीत कोणी विचारलं, "तू नेमकी काय खेळतेस?" तर ती आधी महिना कोणता चालला आहे ते आठवायची. लोक हसायचे, आणि तीही हसायची. आतून मात्र तिला या प्रश्नाची धास्ती वाटायची, कारण उत्तर तिलाही ठाऊक नव्हतं.

एका खेळातून दुसऱ्यात शिरायला तिला पंधरा दिवस तरी लागायचे. डोकं लगेच बदलायचं, पण अंग बदलायला वेळ घ्यायचं. खो-खोत हात लागला की खेळाडू बाद. मान खाली घालायची आणि मुकाट्याने बाहेर पडायचं. कबड्डीत खरा खेळच हात लागल्यावर सुरू होतो. चढाई करणारी हात लावून मधली रेषा ओलांडून परत गेली, तरच तुम्ही बाद. म्हणून तिला तिथेच धरून पाडायचं, जीव गेला तरी सोडायचं नाही.

यंदा खो-खोचे सामने लांबले आणि पंधराचे चारच दिवस उरले. पाचव्या दिवशी बालाघाटला कबड्डीच्या नव्या संघाची निवड होती. हा संघ दोन वर्षांचा करार करणार होता. बाराही महिने पगार, राहायची सोय, दुखापत झाली तर उपचार. अट एकच, दुसरा खेळ सोडायचा. नूतनला हा करार हवा होता. मोसम सरला की घरी बसून फोनची वाट बघायचा तिला कंटाळा आला होता.

वडील महागू सकाळच्या बसने तिच्याबरोबर आले. राईस मिलमधून त्यांनी एक दिवसाची सुट्टी काढली होती. ते निवडीच्या हॉलमध्ये भिंतीशी बसले आणि डब्याची पिशवी त्यांनी मांडीवर धरून ठेवली.

निवडीचा सामना शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत होता. समोरून प्रियंका आली. ताकदीची मुलगी, "कबड्डी, कबड्डी" म्हणत थेट कोपऱ्यात घुसली आणि तिचा हात नूतनच्या खांद्याला लागला. आता नूतनने तिची कंबर धरायची होती. नूतनने मान खाली घातली आणि ती मॅटच्या कडेकडे चालू लागली.

प्रियंका हिसका द्यायला तयार होऊन उभी होती, आणि तिला धरायलाच कोणी आलं नाही. ती भांबावली.

"अवं नूतन, कुठं चाल्ली तू?" ती बोलून गेली.

पंचाची शिट्टी वाजली. बोलताना दम तुटला होता आणि तोही नूतनच्या अर्ध्यात, त्यामुळे बाद झाली ती प्रियंका. नूतनचा पाय कडेच्या रेषेपासून वीतभर आत होता. तिच्या बाजूच्या मुली तिच्या गळ्यात पडल्या. काय झालं ते तिला त्यांच्याकडूनच कळलं.

नव्या संघाचे प्रशिक्षक तेजराम सर कराराचा फॉर्म घेऊन आले. "क्या दिमाग लगाया, नूतन. चाळीस वर्षं झाली मले या खेळात, अशी चाल नाही पाह्यली. उद्या बाकीच्या पोरीयले शिकवजो."

नूतन नुसती मान हलवून महागूंजवळ येऊन बसली. महागूंनी हळूच विचारलं, "हे तू मुद्दाम केलं का वं?"

"नाही बाबा. मले वाटलं मी बाद झाली."

"मंग सरले सांग."

"सांगितलं आन् त्यायनं फॉर्म वापस घेतला तं?"

महागूंनी डबा उघडला, पुन्हा बंद केला. नूतनला रडू येत होतं आणि कशाचं ते कळत नव्हतं. जिंकल्यावर रडायचं काय कारण? पण उद्या सगळ्या मुली ओळीत उभ्या राहतील, आणि तिने शिकवायचं काय?

ती उठली आणि सरांपुढे जाऊन उभी राहिली. "सर, ते चाल नव्हती. मी खो-खोत होती."

तेजराम सर म्हणाले, "हौ. चार दिवसांत कोणाचं अंग बदलते? एक मोसम कबड्डीच खेळली का बसते बराबर. सही कर."

म्हणजे करार तिचाच होता. तिने फॉर्मवर 'मुख्य खेळ' या रकान्यात 'कबड्डी' लिहिलं, सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि कौतुकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नूतनने मान खाली घातली आणि ती दाराकडे चालू लागली.

चार पावलं गेल्यावर तिला ते कळलं. ती थांबली. मागे सर हात तसाच हवेत धरून उभे होते, आणि भिंतीशी बाबा डबा हातात घेऊन उठले होते. कोणी हसलं नाही.

ती परत आली. "सर, तो कागद जराकसा वापस द्या."

सरांनी दिला. तिने घडी उघडली, पेन मागितलं आणि 'कबड्डी'वर एक रेघ ओढली. पुढे काय लिहायचं ते मात्र तिला अजून कळत नव्हतं.