गार शेवईचं यंत्र

तंजावरच्या मेल वीथीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि समोर वरुणराव राहतात. त्यांची बायको अलमेलु आमच्या मराठी मंडळींच्या लग्नामुंजींत शेवई करून देते. तांदळाच्या पिठाचे मुटके वाफवायचे आणि गरम आहेत तोवर पितळी साच्यातून पिळायचे. तीनतीनशे पानांची शेवई पिळून तिचा उजवा खांदा कामातून गेला. असंच चाललं तर हात उचलणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

म्हणून वरुणरावांनी यंत्र करायला घेतलं. गल्लीतल्या लेथवाल्यानं साचा कातून दिला, पाव अश्वशक्तीची मोटर मी बांधली आणि चुका काढायला अलमेलु होतीच. तिनं "जाड येतें" म्हणायचं, यांनी रस्ता ओलांडून लेथवाल्याकडे पळायचं. महिन्याभरात यंत्र जवळजवळ जमलं. अजून फार तर तीन फेऱ्या लागल्या असत्या.

पण वरुणरावांनी नव्या शोधांना मदत देणाऱ्या एका सरकारी योजनेत अर्ज टाकला होता. चेन्नईहून भरद्वाज नावाचे अधिकारी आले. शर्टाला इतकी कडक इस्त्री की बसायलाही बिचकत होते. यंत्र त्यांना फार आवडलं.

"पण शहरात नवे शोध लागतातच," ते म्हणाले. "आम्हाला ते बाहेरच्या भागात न्यायचेत. ओरत्तनाडुला आमचं केंद्र आहे. यंत्र तिथं हलवा."

"तंजावर शहर आहे?" मी विचारलं. चेन्नईवाले आम्हाला एरवी खेडंच समजतात.

"कागदोपत्री महापालिका आहे," ते म्हणाले.

वरुणराव भुलले. केंद्रात गारेगार खोली, काचेचं दार, दारावर त्यांचं नाव. लेथवाला नव्हता आणि अलमेलुही नव्हती. मग ती सकाळी मुटके वाफवून डब्यात भरी आणि वरुणराव तो डबा बसनं नेत. ओरत्तनाडु येईतो मुटक्यांचे दगड होत. यंत्र अडे. संध्याकाळी ते माझ्या दुकानात हजर.

"सीतारामराव, अर्ध्या अश्वशक्तीची बांधा."

मग एकाची. मग दोनाची. मी बांधत गेलो. एवढी मोठी कशाला, हे मी विचारलं नाही, कारण मला विचारायचंच नव्हतं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अन् इंजेक्शन विकणारा मी. आज त्याची लाज वाटते.

अलमेलुनं एकदा सांगून पाहिलं. "अहो, पीठ गार जालें म्हणून अडतें. ताकद कशाला? यंत्र मजजवळ आणा."

"केंद्राबाहेर काढायला परवानगी लागते," वरुणराव म्हणाले.

अखेर दोन अश्वशक्तीपुढं गार मुटक्यांनी हात टेकले. भरद्वाज हरखून गेले. थंड पिठाची शेवई आजवर कुणी काढली नाही, असं त्यांनी अहवालात लिहिलं. खरंच होतं ते, कुणाला ती हवीच नव्हती. सत्कार ठरला.

नेमकं त्याच दिवशी अनिरुद्धरावांच्या मुलीच्या लग्नाचं संध्याकाळचं जेवण होतं. तीनशे पानं. अलमेलु सकाळपासून घरी जुन्या साच्याशी झुंजत होती. दुपारी वरुणराव टेम्पोतून यंत्र घेऊन आले, हातात सत्काराची ढाल. यंत्र उतरवायला मीही गेलो. एका दिवसाची परवानगी मिळाली होती.

"उठ तूं," ते म्हणाले. "आतां अस्की शेवई, तीनशेच्या तीनशे पानांची, हें काढील."

तिनं वाफाळते मुटके यंत्रात घातले. त्यांनी बटण दाबलं. दोन अश्वशक्तीला दगडांची सवय, हे तर लोण्यासारखे मऊ. शेवई एका झटक्यात भिंतीवर, आढ्यावर आणि माझ्या चष्म्यावर. हसण्यासारखंच होतं, पण कुणी हसलं नाही.

"पावाची मोटर दोन तासांत बसवतों," मी म्हणालो.

"पानं सहाला," ती म्हणाली. तेव्हा साडेचार वाजले होते.

ती जुन्या साच्यापुढं बसली. उजवा हात वर येईना. तिनं तो डाव्या हातानं उचलून मुठीवर ठेवला. तो घसरून मांडीवर पडला. मग ती डाव्या हातानंच पिळू लागली. वरुणरावांनी ढाल खाली ठेवली आणि साच्याची दुसरी मूठ धरायला पुढं झाले.

"नको," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "तुम्हीं भिंत पुसा."